झिराडकर सिस्टरची पोस्टकार्डं

विहिरीचा सुरुंग उडाला की झिराडकर सिस्टर उजवा हात मोकळा करायच्या, जवळच्या दाराच्या चौकटीला बोटं लावायच्या, ती ओठांना टेकवायच्या आणि पुटपुटायच्या, "लिली, ज्यूली, शिमोन, बेनी." की पुन्हा कामाला. तेवढ्या वेळात डाव्या हातातली सलाइनची बाटली हललेली नसायची.

त्या वर्षी वर्ध्याकडच्या तळेगावच्या आसपास विहिरी खोदायचं काम जोरात होतं. थोडी माती गेली की काळा खडक लागायचा आणि सुरुंग लावावा लागायचा. आधी शिट्टी, मग माणसांची पळापळ, मग आवाज. दवाखान्याच्या खिडक्या थरथरायच्या. आम्हाला सवय झाली होती. सिस्टरांना होत नव्हती. विंचू, साप, अडलेली बाळंतीण, कशालाही न डगमगणारी ही बाई त्या आवाजानं पांढरी पडायची.

मी दवाखान्यात कारकून होतो, अजून टेंपररी. गाव अल्लीपूर. घरात नोकरी करणारा मी पहिलाच. माझ्याजवळ मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, माझं टपोरं अक्षर. सिस्टर म्हणायच्या, "वानखेडे, तुझं अक्षर बघून पेशंटला वाटेल रोगही सुंदर आहे."

झिराडकर म्हणजे कोण, हे गावाला नीट उमगलं नव्हतं. नाव मोझेल, म्हणून ख्रिश्चन म्हणावं तर चर्चला जात नाहीत; कपाळावर कुंकू नाही, पण नऊवारी नेसलेल्या आईचा फोटो भिंतीवर. त्या अलिबागकडच्या बेने इस्रायल, ज्यू. शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. क्वार्टरच्या दाराला उजव्या बाजूला बोटभर पितळी नळी ठोकलेली, आत देवाच्या वचनाची गुंडाळी. येता-जाता तिला हात लावायचा. दवाखान्याच्या चौकटीला तशी नळी नव्हती, तरी आवाज झाला की हात तिथंच जायचा.

आमची आया गिरजाबाई एकदा म्हणाली, "सिस्टर, येवढ्या मोठ्या बाई तुमी, काऊन भेता?"

तेव्हा सिस्टरांनी सांगितलं. धाकटी बहीण लिली नवरा शिमोन आणि ज्यूली, बेनी या मुलांसह इस्रायलला गेली होती, उत्तरेकडच्या सरहद्दीवरच्या गावात. तिथं डोंगरापलीकडून रॉकेटं यायची. शेजारचं घर गेलं त्या दिवसापासून धाकटा बेनी बोलेनासा झाला होता. "इथं आधी शिट्टी तरी वाजते गिरजाबाई," त्या म्हणाल्या.

गिरजाबाईनं थोडा विचार केला. "अन् डोंगरापल्याडच्या लेकराइले?"

"तिकडंही असेलच कुणाची मावशी," सिस्टर म्हणाल्या, "तीही अशीच चौकट शोधत असेल."

दिवाळीच्या सुमाराला लिलीचं पत्र आलं. ते त्यांनी आम्हा दोघांना वाचून दाखवलं. गावातली सगळी मुलं तळघरात झोपत होती, ओल्या सिमेंटवर. घरं पडलेल्यांची अंथरुणंही गेली होती. लिलीनं काही मागितलं नव्हतं. शेवटी एवढंच होतं, की आईच्या गोधडीची आठवण येते.

दुसऱ्या दिवशी सिस्टर कामाला लागल्या. कुणी घाबरलं की त्यांचं एक ठरलेलं बोलणं असायचं: "भीती वाटते ना? मग हात चालू ठेव." नव्या नर्सला, पहिलटकरणीला, इंजेक्शन बघून रडणाऱ्या पैलवानाला, सगळ्यांना हेच. आता स्वतःला.

नागपूरपासून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेत, पोस्टात, दवाखान्यांत बेने इस्रायलांची बारा घरं होती. संकटात ही माणसं एलियाहू नबी या आपल्या प्रेषिताला नवस बोलतात आणि तो फळला की मलिदा करतात: गोड पोहे, वर खोबरं, खजूर, फळं. सिस्टरांनी ठरवलं, यंदा मलिदा नुसत्या पोह्यांचा करावा आणि वरच्या साजाला लागणाऱ्या पैशांतून चादरी, लोकरीचे कपडे घ्यावेत. घरातल्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवाव्यात. पुलगावला रेल्वेतले डेव्हिडभाऊ होते. सगळं त्यांच्या घरी जमायचं. मुंबईचं एक कुटुंब जानेवारीत कायमचं तिकडं निघणार होतं, ते घेऊन जाणार होतं.

बारा घरांना कळवायचं होतं. सिस्टर अंतर्देशीय आणायला निघाल्या. मीच म्हटलं, पोस्टकार्डं स्वस्त पडतील, मी लिहून देतो. त्यांनी मजकूर सांगितला. माझं अक्षर टपोरं, कार्डावर मावेना. लहान लिहायला जीव होईना. म्हणून 'गोधड्या, चादरी, लोकरीचे कपडे' गाळून मी 'सामान' एवढंच लिहिलं. शेवटी कार्ड असं झालं: रॉकेटच्या माऱ्यामुळे तातडीची गरज आहे, सामान लवकर पुलगावला डेव्हिडभाऊंकडे पोचवावं, तिथून परदेशी जाईल. खाली सिस्टरांचं नाव. बाराही कार्डं मी टेबलावर ओळीनं मांडली आणि बराच वेळ बघत बसलो. पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला तेव्हा फक्त वेलांट्या दिसत होत्या.

महिनाभर आमच्या व्हरांड्यात दोरे, सुया आणि जुनी लुगडी पसरलेली असायची. गिरजाबाईनं आपल्या वस्तीतल्या बायकांना गोळा केलं. त्या टाके घालायच्या आणि न बोलणाऱ्या बेनीबद्दल विचारायच्या. माझ्या आईनं अल्लीपूरहून आपलं हिरवं इरकली लुगडं पाठवलं, निरोपासकट: "त्या पोराच्याच अंगावर टाकजो म्हणा."

मग एका दुपारी जीप आली. साध्या कपड्यातले दोघं उतरले. आणीबाणी उठली होती, पण माणसं अजून दबकून बोलायची. डॉक्टर मीटिंगला गेलेले. ते सरळ माझ्या टेबलापाशी आले आणि त्यातल्या वयस्करानं खिशातून एक पोस्टकार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. कार्डाशेजारी हजेरीपट उघडा पडला होता. त्यात पानभर माझंच अक्षर.

मला आईचा चेहरा दिसला, मग घरातले सगळे. तेवढ्यात सिस्टर आत आल्या. त्यांनी कार्ड पाहिलं, मला पाहिलं आणि हातातला कापसाच्या बोळ्यांचा पांढरा ट्रे हजेरीपटावर ठेवला. अगदी सहज, रोज ठेवतात तसा.

"हे अक्षर कोणाचं?" वयस्करानं मला विचारलं.

ऑफिसात मी नेहमी पुस्तकी मराठी बोलायचो. त्या दिवशी तोंडातून आलं ते घरचं. "मले माहीत नाई."

"माझं आहे," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या नावानं गेलंय, मीच लिहिलंय."

त्यानं त्यांना एक ओळ लिहून दाखवायला सांगितलं. सिस्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग फुटल्यासारखं. त्यांनी लिहिलं आणि म्हणाल्या, कार्डं बसून सावकाश लिहिली होती, आता हात कापतोय. हात खरंच कापत होता. बाहेर कुठंतरी सुरुंग उडाला. त्यांनी चौकटीकडे पाहिलं, पण हात उचलला नाही. भलताच अर्थ निघाला असता.

ते त्यांना जीपमधून वर्ध्याला घेऊन गेले. गिरजाबाई जीपमागं धावली. मी खुर्चीतून उठलो नाही. ती रात्र, दुसरा अर्धा दिवस, मी फक्त जीपचा आवाज ऐकत होतो. वाटत होतं, त्या बोलतील आणि मला न्यायला येतील. हे लिहितानाही लाज वाटते: त्यांचं काय होत असेल यापेक्षा त्या माझं नाव घेतील का, हीच भीती मोठी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं त्या परत आल्या. नाव घेतलं नव्हतं. पुलगावची गाठोडी मात्र तपासायला गेली आणि काही महिन्यांनी परत आली. आत काही लपवलंय का बघायला प्रत्येक गोधडी ब्लेडनं उसवली होती. आईच्या हिरव्या लुगड्याला मधोमध चीर. तोवर मुंबईचं कुटुंब निघून गेलं होतं, हिवाळाही सरला होता. लिलीचं पत्र आलं, बेनीला तळघरातल्या ओलीनं छातीचं दुखणं जडलं. बचावला, पण दम कायमचा राहिला. सिस्टरांनी हे पत्रही मला वाचून दाखवलं, आवाज न चढवता. मला वाटतं, चढवला असता तर बरं झालं असतं.

पाठोपाठ चांद्याकडे, चंद्रपूरला, सिस्टरांच्या बदलीचा हुकूम आला. निघण्याआधी त्या आणि गिरजाबाई रोज बसून उसवलेल्या गोधड्या शिवत होत्या. एका संध्याकाळी मी जवळ जाऊन बसलो आणि कसंबसं म्हटलं, "सिस्टर, त्या दिवशी मी..."

त्यांनी दोरा ओवायला सुई माझ्याकडे दिली. "तू टेंपररी, मी पर्मनंट. त्यात काय एवढं." गोधडीची घडी सारखी करत म्हणाल्या, "तूही भ्यालास, मीही भ्याले. माझा हात चालू होता, एवढंच." माझ्याच्यानं दोरा ओवला गेला नाही. गिरजाबाईनं सुई हातातून घेतली. ती माझ्याशी त्या दिवसापासून बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही.

पुढं चार-पाच वर्षांनी सिस्टर नोकरी सोडून बहिणीकडे गेल्या. गोधड्या बरोबर घेऊन गेल्या. मी पर्मनंट झालो, हेडक्लार्क झालो. लोक लग्नपत्रिकांवर नावं घालायला माझ्याकडे येतात. सिस्टरांना कधी एका शब्दाचं पत्र मी लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात ज्यूलीचं पत्र आलं. मराठी लहानपणी मुंबईत शिकलेलं, अडखळतं. मोझेलमावशी झोपेतच शांतपणे गेली. बेनी बोलतो, आता सुतारकाम करतो. हिरवी गोधडी त्याच्याकडेच आहे, मधे चीर आहे ती. मावशीच्या सामानात तुमचा पत्ता सापडला, म्हणून कळवते. आणि पुढं लिहिलं होतं:

"मावशीनं बारा पोस्टकार्डं लिहिली होती ना, त्यातलं एक तिला परत मिळालं होतं. आम्ही ते काचेत लावलं आहे. शेवटी तिचं अक्षर बिघडलं होतं, पण तेव्हा किती सुंदर होतं. आम्ही विचारलं की हसायची, आणि म्हणायची, हो, माझंच."

आठ दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो. काल गावाबाहेर कुठल्याशा विहिरीवर सुरुंग उडाला आणि माझा हात आपोआप चौकटीवर गेला. मग टेबलाशी बसलो. भीती वाटत होती, तरी हात चालू ठेवला. ज्यूलीला आज पोस्टात टाकलेल्या पत्रात एकच ओळ आहे, शक्य तितक्या टपोऱ्या अक्षरात, म्हणजे तिला काचेतल्या कार्डाशी ताडून बघता येईल:

ते अक्षर माझं आहे.