उरल्यासुरल्यांचा टोला

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तेहतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते मी. लग्न होऊन सासरी आले त्या आठवड्यात दारावर टांगलेलं लिंबू काढून मी त्याचं सरबत केलं होतं, आणि सासूबाईंनाही पाजलं होतं. त्या ऐंशी वर्षं जगल्या. मुंजा, हडळ, चकवा असलं काही पोरांनी वर्गात काढलं की मी त्यांना फळ्यासमोर उभं करून विचारायची – तू पाहिलंस? नाही ना? मग बस खाली.

तर मी जे सांगतेय ते मी पाहिलेलंही नाही. ऐकलंय. माझ्यासोबत दीडशे पोरांनी ऐकलंय. इथं या धाग्यावर सगळे भीती वाटली म्हणून लिहितात. मला त्या दिवशी भीती वाटली ती नंतर. आधी, मधे आणि आजपर्यंत वाटतो तो संताप. वय ऐंशीला टेकलंय, एका बोटानं टाइप करतेय, पण लिहूनच टाकते.

साल एकाहत्तर, डिसेंबर. लढाई सुरू झाली होती. मी कोल्हापुरातून रोज एसटीनं शाळेला जायची. गाव कागलच्या अलीकडे, पुणे–बंगलोर हायवेला लागून. नाव सांगत नाही, अजून तिथं माणसं राहतात. कौलारू शाळा, ओळीनं चार खोल्या, पुढं सलग व्हरांडा, मग पटांगण, पटांगणाच्या टोकाला विहीर. मधे कडुलिंबाचं झाड, आणि त्याच्या फांदीला तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. तीच आमची घंटा.

ती वाजवायचे दत्तूमामा, आमचे शिपाई. त्यांची सुट्टीची घंटा पंचक्रोशीत ओळखू यायची. आधी तीन टोले सावकाश, मग घणघणघण सलग, मग थांबायचे... आणि थोड्या वेळानं एकच टोला. मी नवीन होते तेव्हा विचारलं होतं, मामा, हा शेवटचा कशाला? म्हणाले, "उरल्यासुरल्यांचा हाय त्यो, बाई. कोण पाटी हुडकत असतंय, कोण झोपल्यालं असतंय. त्येंच्यासाठी येक." आणि तो टोला झाला की स्वतः चारही खोल्यांत डोकावून यायचे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. कुठल्या जीआरमध्ये नव्हतं.

लढाई लागली आणि एका ऑफिसातून एक साहेब जीप घेऊन आले. कुठलं ऑफिस ते सोडा. म्हणाले, घंटा, भोंगे, काही वाजवायचं नाही. वाजलं तर विमानं आली असं लोक समजतील. ठीक आहे, पटलं. पण दत्तूमामांचा हात सवयीनं जाईल म्हणून त्यांनी तो रुळाचा तुकडाच उतरवला आणि जीपमध्ये टाकून नेला. रीतसर पावती देऊन. फांदीला नुसती तार लोंबत राहिली.

आणि त्याच दुपारी मागोमाग ट्रक आला. ट्रकमधून उतरली पेट्रोलची पिंपं आणि त्यांचा एक राखणदार. हायवेनं जाणाऱ्या गाड्यांसाठी राखीव साठा म्हणे. ती पिंपं कुठं ठेवली? रिकाम्या करून घेतलेल्या चौथ्या खोलीत! माझ्या तिसरीच्या वर्गाला लागून. मधे एक वीट जाडीची भिंत.

म्हणजे बघा. घंटा धोक्याची म्हणून शाळेतून नेली, आणि पेट्रोल आणून ठेवलं. आज पन्नास वर्षांनी लिहितानाही माझं डोकं फिरतं.

मी साहेबांना तिथंच विचारलं. तर हसले. "बाई, शाळेवर कोण बॉम्ब टाकतंय? म्हणून तर हितं ठेवायचं."

"म्हणजे माझी पोरं तुमच्या पिंपांची ढाल व्हय?" माझा आवाज चढला की शहरी भाषा गळून पडते. "तुमच्या हापिसात का ठेवत न्हाई?"

"हापिसात धोका हाय की," साहेब म्हणाले. अगदी सरळ चेहऱ्यानं.

आमच्या हेडगुरुजींनी माझा पदर ओढायचाच बाकी ठेवला होता. साहेब गेल्यावर म्हणाले, "बाई, देशावर वेळ आलीय. आत्ता तक्रार करणं बरं दिसत नाही." त्यांची पेन्शन दोन वर्षांवर आली होती. मी अर्ज लिहिला. गुरुजींनी सही केली नाही, म्हणून माझ्या एकटीच्या सहीनं पाठवला. मग दुसरा. मग तिसरा. उत्तर कशालाच नाही.

वास असा यायचा की विचारू नका. एखादं पिंप झिरपत असणार. पोरांची डोकी दुखायची. सगळ्यात जास्त त्रास शेवंताला – नऊ वर्षांची, किडकिडीत, बसायची नेमकी त्या भिंतीला टेकून. दोनदा उलटी झाली तिला. तिचा बाप फौजेत, बॉर्डरवर. माझ्या वर्गातल्या अकरा पोरांचे बाप तिकडंच होते. शेवंताच्या आईला वाचता यायचं नाही, म्हणून त्याची कार्डं ती माझ्याकडून वाचून घ्यायची. एकात लिहिलं होतं – 'पोरगी दिवसभर शाळेत हाय म्हंजे मला घोर न्हाय.' ते मी मोठ्यानं वाचलं. आणि पिंपांचं तिला काही बोलले नाही. शेवंताला भिंतीपासून हलवून दाराजवळ बसवलं, तेवढं केलं. दोन दिवसांनी ती पुन्हा भिंतीपाशी. मैत्रीण तिथं बसायची ना!

संरक्षणाची तयारी म्हणाल तर तीही होती. पटांगणात नागमोडी चर खणले होते. गुरुजींनी शिट्टी मारली की पोरांनी चरात पालथं पडायचं, कानात बोटं, दातांत पेन्सिल. पण गुरुजींचा नियम – आधी व्हरांड्यात उंचीप्रमाणे रांग! प्रार्थनेला लागते तशी. बुटका पुढं, उंच मागं. "शिस्त नसंल तर चेंगराचेंगरी हुईल," म्हणायचे. मग ढकलाढकली, तू बुटका की मी बुटका, खिदळणं... सात-आठ मिनिटं जायची. आणि रांगेचं शेपूट यायचं बरोबर चौथ्या खोलीच्या दारासमोर. मी म्हटलं, गुरुजी, खरंच काही झालं तर? ते म्हणाले, "खरं झालं की आपोआप लवकर करतील."

आता तो दिवस. लढाई सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारचे पावणेचार. नक्की सांगते, कारण मी घड्याळ बघून पाढे थांबवले आणि शुद्धलेखन घातलं होतं. शाळा सुटायची पाचला. दत्तूमामा विहिरीवरून कळशी घेऊन आले आणि माझ्या वर्गातल्या माठात पाणी ओतायला लागले. माझ्यापासून चार हातांवर.

आणि घंटा वाजली.

एक. दोन. तीन – सावकाश. मग घणघणघणघण... सलग. रुळावर हातोडा पडतो तो आवाज. दुसरं काही नव्हे. भांड्यांचा नाही, देवळाचा नाही. चार वर्षं रोज ऐकलेला.

दत्तूमामांचा हात थांबला, पाणी माठाच्या बाहेर सांडायला लागलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई... मी हितं हाय. मग बडवतंय कोण?"

पोरांना काय त्याचं! सुट्टीची घंटा झाली म्हटल्यावर कुठली रांग आणि कुठली उंची? दप्तरं उचलली आणि 'ओऽऽऽ' करत तिन्ही खोल्यांतून पोरं अशी सुटली की मिनिटभरात शाळा रिकामी. गुरुजी दारात उभे, हातात घड्याळ, तोंडात शिट्टी, "अरे कुणी सोडलं? अरे थांबा!" कोण थांबतंय!

मी रागानं बाहेर आले. वाटलं, कुणीतरी दुसरा तुकडा आणून चावटपणा केलाय. आवाज तोवर थांबला होता. लिंबाखाली कुणी नाही. फांदीला तार, तारेला काही नाही. ती हलतही नव्हती. व्हरांड्याच्या पार टोकाला, चौथ्या खोलीच्या उंबऱ्याशी पिंपांचा राखणदार चहासाठी स्टोव्ह पेटवत बसला होता. हो, स्टोव्ह! पेट्रोलच्या दारात! मी ओरडणार, "अहो, तो स्टोव्ह—"

आणि टोला पडला. एकच.

माझ्या डोळ्यांसमोर फांदी होती. मोकळी. आणि आवाज तिथूनच आला, एवढं मी कुठंही शपथेवर सांगेन.

दत्तूमामा मागून किंचाळले, "बाई, कोणतरी ऱ्हायलंय आत!"

मी वर्गात पळाले. भिंतीपाशी, बसकरपट्टीवर, दप्तराची उशी करून शेवंता झोपली होती. डोकं दुखतंय म्हणून पडली असणार, आणि त्या वासानं गुंगी आली असणार. घंटेनं जागी झाली नव्हती. उचलली आणि पळाले. दत्तूमामा राखणदाराच्या नावानं बोंब मारत, त्याला दंडाला धरून ओढत माझ्या मागं. विहिरीपाशी पोचलो, मी वळून बघितलं, आणि चौथी खोली उडाली.

कौलं कुठवर गेली ते सांगत नाही. माझ्या वर्गाची भिंत आत पडली. बसकरपट्ट्या, फळा, माठ, सगळं विटांखाली, आणि वर आग. कुणी मेलं नाही. राखणदाराच्या भुवया तेवढ्या जळाल्या. मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले, शेवंताला मांडीवर घट्ट धरून, आणि माझे दात वाजत होते. ती जागी होऊन विचारत होती, "बाई, सुट्टी झाली व्हय?"

राखणदाराला मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तो तर बाहेर व्हरांड्यातच बसला होता. तो म्हणाला, "घंटा? कसली घंटा? मला न्हाय आली ऐकू. पोरं एकदम उठून पळाली, एवढंच बघितलं म्या." विहिरीवरच्या बायकांनी ऐकली होती. पलीकडच्या उसातल्या माणसांनी ऐकली होती. त्याला एकट्याला नाही. आणि रुळाचा तुकडा? तो ऑफिसच्या कपाटात, कुलपात. मी जाऊन पाहून आले. बोटही न लागलेली धूळ बसली होती त्यावर.

आता खरी गंमत ऐका. पंधरा दिवसांत कागद आला. मला वाटलं, पिंपांची चौकशी लागली. कसली चौकशी! माझ्या नावानं मेमो होता – मनाई असताना शाळेची घंटा वाजवून घबराट पसरवल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा करावा. पिंपांचा शब्द नाही. आगीचा उल्लेख 'सदर दुर्घटना'. तीन अर्ज मीच केले होते, म्हणून संशय माझ्यावर!

गुरुजी म्हणाले, "लिहून टाका, पोरांना भास झाला. मी पण तेच लिहिलंय." ज्यांनी स्वतः कानानं ऐकलं, त्यांनी. मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. मेमोला उत्तरही दिलं नाही. काय लिहिणार होते? दोन स्मरणपत्रं आली.

मग शिमग्याच्या सुमारास शेवंताचा बाप रजेवर आला. थेट शाळेत आला. काळी पडलेली भिंत बघितली. मी म्हटलं, "दादा, मी सांगायला पाहिजे होतं तुमच्या घरात. पिंपांचं. मी बोलले नाही."

तो माझ्याकडं न बघता बोलला. "तिकडं एका गावात आमी चार दिस उघड्यावर काढलं, बाई. थंडीनं हातपाय वाकत न्हवतं. म्होरं शाळा हुती, रिकामी, कौलं शाबूत. पर सुभेदार म्हनलं, शाळंत पाय टाकायचा न्हाय. आपुन शिरलो की ती शाळा ऱ्हात न्हाय, निशाना हुतोय." मग त्या काळ्या भिंतीकडं हात केला. "दुश्मनाच्या पोरांची शाळा हुती ती. आनि हितं..."

तो लिंबाखाली गेला, त्या रिकाम्या तारेला हात लावला, आणि गेला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी खुलासा लिहिला. नक्कल अजून माझ्या ट्रंकेत आहे, शब्द न् शब्द देते –

'घंटा मी वाजवलेली नाही. शेजारी पेट्रोल आहे हे ठाऊक असताना मी पोरांना त्या खोलीत बसवत राहिले, अर्ज लिहीत राहिले, आणि घंटा वाजवून शाळा रिकामी केली नाही. हा माझा गुन्हा मला कबूल आहे. ज्याने वाजवली त्याचा आपणांस शोध लागल्यास कृपया मलाही कळवावे.'

ऑफिसचा पोचशिक्का आहे त्यावर. अजून कुणी कळवलेलं नाही.