वाट आमच्या शेतातून जाते

त्या वकिलाला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. बाई शेवटी विरघळेल अशी आशा धरून कोणी वाचायला बसू नये.

गोष्ट सत्तर सालानंतरची. नवरा मोहोपाड्याच्या एका कारखान्यात कामाला होता आणि आम्ही कंपनीच्या दोन खोल्यांत राहत होतो. खोल्या चांगल्या होत्या, पण नोकरी संपली की किल्ली परत. शेजारचं एक कुटुंब असंच गेलं. त्यांची म्हातारी ट्रंकेवर बसून रडत होती आणि टेंपोवाला घाई करत होता. ते पाहिल्यापासून मला स्वतःच्या घराशिवाय दुसरं काही सुचेना. नवऱ्याच्या सतत पाळ्या, म्हणून जमीन बघण्याचं काम माझ्याकडे आलं.

खालापूरच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत, एक उंचवट्याचा तुकडा माझ्या मनात भरला. मागे आंब्याची दोन झाडं, पाणी साचायची भीती नाही. त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये दुसऱ्या एका शेतकऱ्याचं भाताचं खोलगट शेत होतं. तुकड्याचा मालक विकायला तयार होता. कागदपत्रांतलं आपल्याला कळत नाही, म्हणून आम्ही तालुक्याला एक वकील धरला. माणूस वजनदार, बोलणं मऊ. त्याने आमच्यातर्फे मालकाशी बोलायचं, कागद तपासायचे आणि खरेदीखत करून द्यायचं असं ठरलं. जागा दाखवायला मी त्याला चैत्रात घेऊन गेले.

चैत्रात आमच्याकडे सगळी शेतं मोकळी असतात. भात निघालं की कोणीही कुठूनही बैलगाडी घालतं, कोणी कोणाला अडवत नाही. गाड्यांच्या चाकोऱ्या सरळ त्या उंचवट्यापर्यंत गेल्या होत्या. मी भातशेतीवाल्यांची मुलगी. लावणी झाली की ही वाट नाहीशी होते, हे मला सांगावं लागत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "साहेब, पुढचं शेतही मागा. दोन्ही एकदम घेऊ."

"त्या खड्ड्यातल्या शेताचं काय करणार, बाई? रस्ता तर हा समोर दिसतोय," असं म्हणून तो हसला. वकील आपणच केलेला, त्याच्यापुढे शहाणपण किती दाखवायचं?

पुढे एकदा त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "त्या जमिनीत मालकाच्या बहिणींचे हक्क आहेत. उद्या कोर्टात खेचतील, जन्म जाईल त्यात. तुमचा वकील म्हणून सांगतो, नाद सोडा." नवऱ्याने हात जोडून आभार मानले. मी तर घरी लाटलेले पोह्याचे पापड नेऊन दिले त्याला. त्या पापडांची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं.

दिवाळीनंतर शिळफाट्याच्या बाजारात तो जमीनमालक दिसला. मला बघून आधी तोंड फिरवलं, मग न राहवून म्हणाला, "काय गं ताय, जमीन नको व्हती तर तसं सांगायचं. वकीलसायेब बोलले, तुमी दुसरीकडं घेतली. मंग त्यांनीच घेतली माजी."

"आणि तुमच्या बहिणी?"

"कसल्या बहिनी? मी एकटाच हाय."

मी हातातली भाजीची पिशवी तशीच घेऊन एस.टी.त बसले आणि खालापूरला वकिलापुढे जाऊन उभी राहिले. त्याने मला खुर्ची दिली. "बाई, हा व्यवहार आहे. मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला दुसरी जागा बघून देतो." मी खुर्चीवर न बसताच बाहेर पडले. थांबले असते तर रडू फुटलं असतं, आणि ते सुख मी त्याला देणार नव्हते.

तिथून मी थेट त्या खोलगट शेताच्या मालकाच्या ओटीवर गेले. "वकिलाला वाट दिलीत का तुम्ही?"

"कसली वाट? त्यानं मला कदी इचारलं पन नाय. माज्या शेतातून जातो नि साधा रामराम करत नाय."

मी पाटल्या मोडल्या, नवऱ्याने फंडातून कर्ज काढलं आणि ते शेत आम्ही घेतलं. या वेळी वकील केला नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना बोलावून बांधाबांधाने फिरले, प्रत्येकाकडून त्याची हद्द सगळ्यांसमक्ष वदवून घेतली आणि नारळ फोडला.

वकिलाच्या घराचा पाया तेव्हा नुकताच भरला होता. त्याच्या विटा, रेती, सिमेंट, सगळं माझ्या शेतातून जात होतं. शेत मी घेतल्याचं कळल्यावर तो म्हणाला, "वा, शेजारीण झालात!" गाडीवाट म्हणजे सरकारी, अशी त्याची समजूत.

"आत्ताच अडव की," नवरा म्हणाला.

"नाही. आधी स्लॅब पडू दे."

मी त्याच्या गवंड्यांना पाणीसुद्धा पाजलं. दुसऱ्याचं घर लवकर पुरं व्हावं असं मला इतकं मनापासून कधी वाटलं नव्हतं.

त्याची वास्तुशांत झाली. नांगरणीच्या दिवसांत मी त्या चाकोऱ्या नांगरून घेतल्या आणि रस्त्याच्या बाजूने बोरीच्या काट्या रोवल्या. तो धावत आला. "बाई, माझी वाट?"

"वाट कुठे आहे, साहेब? इथे भात लागणार आहे."

त्याने दाव्याची धमकी दिली. मी म्हटलं, "लावा. मी पिंजऱ्यात येते, तुम्हीही या. ही जमीन तुम्ही पहिल्यांदा कोणासाठी बघितलीत, ते तेवढं न्यायाधीशांना सांगा." दावा कधीच लागला नाही. पुढे त्याने हातापाया पडून शेताची नुसती एक पट्टी मागितली. तीही मी दिली नाही. मग तो मागच्या ओहोळातून जाऊ-येऊ लागला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, काळा कोट डोक्यावर. आम्ही रस्त्याकडेला भराव घालून लहानसं घर बांधलं. पावसाळाभर मी ओट्यावर चहा पीत ते बघत असे. मला फार बरं वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी एका श्रावणात वकील वारला. त्याचा मुलगा चिखलाने भरलेल्या पायांनी आमच्या दारात आला. "काकू, बाबांना न्यायचंय. ओहोळात छातीएवढं पाणी आहे."

काट्या मी स्वतःच्या हाताने उपटल्या. उभ्या भातातून तिरडी गेली आणि मी हात जोडले. आता तरी डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. वकिलाची बायको पलीकडे बांधावर उभी होती. तिने माझं काही वाकडं केलं नव्हतं. तिच्याकडे मात्र मला बघवेना.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "आता राहू दे उघडं. माणूस गेला."

"माणूस गेला," मी म्हटलं. "आंब्याखालची जमीन अजून त्यांच्याकडेच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुडवलेलं भात जमेल तेवढं उभं केलं आणि काट्या पुन्हा रोवल्या.