बैलगाड्याला प्रोग्रामर पाहिजे

माणसाला पगार न देता राबवावं असं मानणारे लोक मी नोकरीत ढिगानं पाहिले. पण पगार न घेता माणूस जास्त मन लावून काम करतो यावर मनापासून, आणि समोरच्याला रोज जेवू घालून, विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात एकच, आमचे साडू. मी हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माणसं भरायचं काम करतो. माणूस कशासाठी येतो आणि कशासाठी सोडून जातो हे मला पोटापाण्यापुरतं कळतं, त्यामुळे साडूंचा हा विश्वास ऐकला की माझं डोकं फिरायचं.

साडू महाळुंग्याचे, जुन्या घरातले. जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उठल्या. खोल्यांत लातूर-बीडकडची शिफ्टवाली पोरं राहतात आणि साडू त्यांचे घरमालक कमी, मामा जास्त. कुणाचं लग्न जमव, कुणाला दवाखान्यात ने, चालूच. पण त्यांचा खरा जीव दोन गोष्टींत, बैलगाडा आणि फ्लेक्स. कुणाचं काही भलं झालं की साडू चौकात फ्लेक्स लावणार. मला बढती मिळणार अशी नुसती कुणकुण बायकोनं बहिणीच्या कानावर घातली, तर दुसऱ्या दिवशी पिंपळे सौदागरात आमच्या सोसायटीच्या गेटवर मी गॉगल लावून हात जोडून उभा! फोटो लग्नातला, शेजारून बायको कापलेली. सेक्रेटरीनं मला नोटीस दिली. बढती पुढं बारगळली, फ्लेक्स मात्र चांगला टिकला. मी तणतणलो, तर म्हणाले, ‘पाव्हणं, माणसाचं नाव चार लोकांनी वाचलं पाहिजे. त्याबिगर माणूस कशाला राबंल?’

शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत गोठ्यात बैल नुसता उभा बघून त्यांना चैन पडेना. तेव्हा एका भाडेकरूनं त्यांना मोबाईलवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम दाखवला आणि यांच्या मनात भरलं, बैलगाड्याचा गेम पाहिजे. व्हिडिओ बघून बघून, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्यांनी स्वतः चार बैल आणि एक घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, उभा केला. बैल पळायचे, नाही असं नाही. पण घाट संपला तरी थांबायचे नाहीत, आभाळात चढायचे. बंदी उठली, घाट पुन्हा गाजू लागले, तरी साडूंचे बैल आभाळातच. कुणीतरी त्यांना सांगितलं की असा गेम ओपन सोर्स करावा, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला, ज्याला येईल त्यानं हात लावायचा, पैसा कुणी घ्यायचा नाही. साडूंना ते तत्काळ पटलं. आपल्याकडं गाडा असाच जुंपतात, म्हणाले. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा दुसरा, आणि भोंग्यावरून दोघांचं नाव पुकारतात, संपला व्यवहार. जगातल्या सगळ्या प्रोग्रामरांना हे आधीपासून ठाऊक असणार अशी त्यांची खात्री होती.

मग काय, चाकणच्या चौकात फ्लेक्स लागला. डावीकडं साडू, उजवीकडं बैल, मधे ‘प्रोग्रामर पाहिजे’. चाकणला प्रोग्रामर म्हणजे लोखंड कापणाऱ्या मशीनवरचा माणूस. सकाळपासून दारात रांग. कुणी विचारतंय मशीन कुठलं, कुणी विचारतंय ओव्हरटाइम आहे का, एकानं तर स्वतःचे मोजमापाचे गेजसुद्धा आणलेले. साडूंनी एकालाही परत पाठवलं नाही. सगळ्यांना पोहे दिले, सगळ्यांना मोबाईलवर आभाळात जाणारे बैल दाखवले. पोरं बिचारी पोहे खाऊन, ‘मस्त आहे, भाऊ’ म्हणून पुढच्या गेटवर नोकरी विचारायला गेली. दोघं मात्र तिथंच लागली, भाडेकरू म्हणून.

शेवटी साडूंनी मलाच धरलं. तुमचं कामच माणसं भरायचं, मला एक भरून द्या. मी त्यांना तासभर समजावलं की फुकटच्या कामाला आजकाल कुत्रं येत नाही. ते म्हणाले, मान दिला की माणूस येतो, तुमी टाकून तर बघा. मी चिडून इंटरनेटवर दोन ओळींची जाहिरात टाकली. म्हटलं, एकदा तोंडावर आपटू देत. आणि संध्याकाळच्या आत उत्तर आलं. माणूस थेरगावचा, मोठ्या कंपनीतला अनुभव, सगळं चोख. घरी बसून करण्याजोगं काम, पण त्यानं विचारलं एवढंच, की रोज येऊन बसायला तुमच्याकडं जागा आहे का?

साडूंनी माडीवरची खोली झाडून घेतली, टेबल आणलं, पंखा लावला. चाळिशीचा तो माणूस इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉप, हातात डबा अशा थाटात नऊच्या ठोक्याला हजर व्हायचा आणि ऑफिस सुटायच्या वेळेला निघायचा. साडू त्याला सर म्हणायचे, खाली कुणी मोठ्यानं बोललं तर दटावायचे. दुपारी तो डबा उघडायचा आणि साडूंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्याच्या पानात जबरदस्तीनं भाजी वाढायच्या. हुशार इतका, की आठवड्यात बैल जमिनीवर आणले. मग साडूंच्या फर्माइशी सुरू झाल्या. चाबूक नको. बैल दमला की त्याला पाणी पाजायचं बटण पाहिजे. आणि शर्यतीत शेवटचा कुणीच येता कामा नये, मालकाला वाईट वाटतं. त्यावर तो माणूस पहिल्यांदा हसला, असं वहिनी सांगतात. शेवटचा येईल त्याला गेममध्ये फेटा बांधायची सोय त्यानं करून दिली. साडू मला फोन करकरून विचारायचे, ‘काय पाव्हणं, कुत्रं येत न्हाई म्हणत व्हता?’

मी हरलो होतो. फक्त एक गोष्ट मला खटकली होती आणि मी ती हसण्यावारी नेली. हौसेनं काम करणारा माणूस नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी येतो. हा नेमका शनिवार-रविवारच येत नव्हता. सोमवार ते शुक्रवार नऊ ते सहा मोकळा असणारा अनुभवी प्रोग्रामर म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं. ज्या कंपन्यांनी माणसं काढली त्यांत माझीही होती.

गेम पुरा झाला. साडूंना झोप येईना. पैसे तो घेणार नाही, आणि देऊन त्याचा अपमान करायचा नाही, हे त्यांच्या लेखी ठरलेलं. मग मान द्यायचा तर कुठं? त्याच्या माणसांसमोर! त्यांनी वहिनींना न सांगता, मला न विचारता, थेरगावला डांगे चौकात मोठ्ठा फ्लेक्स लावला. त्याचा फोटो, मागं चार बैल, वर ‘हार्दिक अभिनंदन’ आणि खाली ठळक अक्षरांत, ‘चार महिने दररोज महाळुंगे येथे येऊन विनामोबदला सेवा देणारे आमचे सर’. त्याची बायको भाजीला बाहेर पडली ती त्या फ्लेक्सखाली येऊन उभी राहिली. नवरा रोज सकाळी कंपनीत जातो एवढंच तिला माहीत होतं.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारी फोन बंद. मग एका भाडेकरूला कुठून तरी खरी हकिगत कळली आणि साडूंनी मला ऑफिसातून उचललं. आधी डांगे चौकात जाऊन, भर रहदारीत, साठीला आलेले साडू स्वतः शिडीवर चढले आणि त्यांनी फ्लेक्स उतरवला. मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं. फ्लेक्सची गुंडाळी गाडीत टाकून आम्ही त्याच्या घरी गेलो.

दार त्याच्या बायकोनंच उघडलं. तो कुठल्याशा मुलाखतीला गेला होता, खरोखरच्या. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. साडू कोचाच्या कडेला बसून होते. तीच म्हणाली,

‘दादा, एक विचारू? डबा ते तुमच्याकडंच खायचे ना?’

‘व्हय,’ साडू म्हणाले. ‘आमच्या मंडळींच्या हातची भाजी बी घ्यायचे वाईच.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. ‘फ्लेक्स बघितल्यापासनं मला वाटत होतं, काम तिथं करत असतील, पण डबा एकटेच कुठंतरी बागेत बसून खात असतील.’

चहा आम्ही कसाबसा संपवला. मान दिला की माणूस येतो, हे त्यांचं आवडतं वाक्य मी त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि खरं सांगतो, ऐकायला मिळावं असं फार वाटतं. पुलाजवळ सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते माझ्याकडं वळले.

‘पाव्हणं, तुमच्या कंपनीत लावा की सरांना.’

‘भरती बंद आहे,’ मी म्हणालो. ‘वर्ष होईल आता.’

साडूंनी माझ्याकडं निरखून पाहिलं. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी अगदी साधेपणानं, काळजीनं विचारलं, ‘मग तुमी दिवसभर करता काय?’

माझी बॅग मांडीवर होती आणि तिच्यात, बायकोनं सकाळी उठून केलेला डबा, गडबडीत न खाल्लेला, तसाच होता.