एक लिटरची बाटली

इथे परदेशात, चेरीवूडच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा नागपूरचा गडी डबा खाताना रोज मोबाइलवर पिस्तुलं निवडतो. "फुल साइजच पाहिजे बे. वजन असलं की झटका कमी बसतो, शूटिंग रेंजवर नेम टिकतो, अन् वेळ आलीच तर..." पुढचं तो कधीच बोलत नाही. गेल्या हिवाळ्यात स्टेशनबाहेर चौघांनी त्याला तुडवलं. तेव्हापासून त्याचा उजवा अंगठा नीट वळत नाही.

"अरे, स्वसंरक्षणासाठी इथे लायसन देतच नाहीत," मी एकदा वैतागून म्हणालो.

"माहीत आहे ना," म्हणत त्याने पुढचं मॉडेल उघडलं.

भरलेलं पिस्तूल किलोभराचं असतं म्हणे. म्हणून तो पाण्याची लिटरची बाटली मानेला पकडून आडवी धरतो आणि भिंतीवर नेम धरतो. मग पाणी प्यायला त्या अंगठ्याने झाकण उघडत नाही, तेव्हा बाटली मुकाट माझ्याकडे सरकवतो.

आज त्याला मदत मागावी लागू नये म्हणून मी झाकण आधीच गुपचूप सैल करून ठेवलं. त्याने नेम धरला, आणि पाणी त्याच्या बाहीत ओघळू लागलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हातही खाली घेतला नाही.