शाळेसाठी नाटक निवडताना

नवरा गेल्यावर मी कल्याणला भावाकडे राहायला आले. तो शाळेत मास्तर होता. एका वर्षी समारंभात मुलांचं नाटक करायचं ठरलं आणि तो निवडायला पुस्तकं घरी घेऊन आला. त्याचे डोळे दुखायचे, म्हणून वाचायला मला बसवलं. मी चार इयत्ता शिकलेले. राजा, राणी, चोर, सगळ्यांचं मीच बोलायचे. एरवी त्या घरात कामापलीकडे माझ्याशी कुणी बोलत नसे.

एका नाटकात विधवा होती. ती दिराला भर पंगतीत सुनावते. ते पान मी दोनदा वाचलं.

"दादा, हेच घे."

"चांगलं आहे गं. पण बायकांची कामं पोरंच करणार. कुठली आई मुलाला विधवेचा वेष घालू देईल?"

आतून वहिनी म्हणाली, "वन्सं, मिटा ते. लेकरांच्या घरात असलं अभद्र नको."

मी विधवेचं लाल आलवण नेसून तिथेच बसले होते. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

"दुसरं वाच," भाऊ म्हणाला.

दुसऱ्यात सगळे देवच होते. ते पसंत पडलं. पुस्तकं शाळेत परत गेली आणि मला घरात बोलायचं कारण उरलं नाही.