मंजुळाचा ठिय्या

गोराईच्या मंजुळाला बोरिवलीच्या मासळीबाजारात सासूचा ठिय्या, तिची बसायची जागा, मिळाला होता. ठिय्या रिकामा राहिला की दुसरी येऊन बसते, म्हणून बाळंतपणातही तिने तो फार दिवस सोडला नव्हता. सत्त्याऐंशी साली मात्र कोयत्यावर सुरमई कापताना तिला फिट आली. मनगटाला टाके पडले. बाजारात शब्द चालायचा प्रेमामावशीचा. मावशीने सांगून टाकलं, मंजुळाने आता इथे बसायचं नाही. ठिय्यावर तिची जाऊ सगुणा बसू लागली.

इस्पितळातल्या डॉक्टरने सोडियम व्हॅल्प्रोएट लिहून दिलं. झटके थांबवणारं औषध. ज्यांचं मन फार वर-खाली होतं त्यांनाही हल्ली ते देतात, असं तो म्हणाला. भूक वाढेल, केस विरळ होतील, हात थरथरेल. उलट्या थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसले तर धावत या. मूल हवं असेल तर आधी विचारा. आणि आपल्या मनाने गोळी सोडू नका, फिट परत येईल, कदाचित आधीपेक्षा जोरात.

मंजुळाने गोळ्या घेतल्या. फिट थांबल्या. बाकीचंही डॉक्टर म्हणाला तसंच झालं. अंबाड्यावर फुलांची वेणी टिकेना, तर तिने वेणी माळणं सोडलं. जेवण वाढलं, नवरा चिडवू लागला. तिला घोर होता तो हाताचा. चहाची कपबशी खुळखुळायची. डॉक्टरने गोळी थोडी कमी केली. थरथर उतरली, पण गेली नाही.

दसरा झाल्यावर मावशीने निरोप धाडला. हात बघून ठरवू.

खाडी ओलांडताना होडीत सगुणा तिच्या कानाशी लागली. आजच्या दिवस गोळी घेऊ नको, हात थांबेल, उद्यापासून घे. मंजुळाने पदराची गाठ सोडली आणि सगुणाच्याच तांब्यातल्या पाण्याने गोळी गिळली.

"हात हलतो तो दिसतो गो," ती म्हणाली. "फिट येताना दिसत नाय."

बाजारात तिने सगळ्या बायकांपुढे हात धरला. तो थरथरला. मावशी काही बोलायच्या आत मंजुळाने कोयता सगुणाकडे सरकवला. कापणार सगुणा, विकणार ती. भाव करायला तोंड लागतं, आणि ते ठणठणीत आहे, असं तिने मावशीला ऐकवलं. मावशीने पायाने पाटी बाजूला सारून मंजुळाला जागा करून दिली.

पहिलं गिऱ्हाईक एक मास्तर होते. मंजुळाने पापलेट उचलून त्यांच्यापुढे धरलं. ताजं आहे ना, त्यांनी विचारलं.

"बघा की मास्तर," मंजुळा म्हणाली. "हलतंय अजून."