औशाची पाटी

उमादेवी बाई औशाजवळच्या एका खेड्यात दुसरीचा वर्ग घेत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. लातूर वेगळा जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. गावातली निम्मी माणसं रोजगार हमीच्या खडीवर जात. शाळा सकाळची भरे, आणि टँकरचा भोंगा वाजला की अर्धा वर्ग घागरीकडे पळे. त्या भोंग्यालाही जागची हलत नसे ती शिवकन्या.

गाव तिला मुकी म्हणे. बाईंच्या ध्यानात आलं, की पोरीला ऐकूच येत नाही, मग ती बोलणार कुठून? त्यांनी तिला पुढं बसवलं. फळ्याकडं तोंड करून बोलायची सवय मोडली. दाराला, खिडकीला, माठाला नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या. शिवकन्या ती अक्षरं मोत्यासारखी उतरवून काढी.

हेडमास्तर शेषेराव गुरुजी वाईट माणूस नव्हते. पण एकदा वही चाळून ते म्हणाले, "बाई, ही पोरगी लिहीत न्हाई, चित्रं काढते. समोरचं उचलून ठेवते. तुमचा जीव लागलाय म्हणून तुम्हाला दिसत न्हाई."

बाईंना राग आला. पण शिवकन्येनं स्वतःच्या मनानं आजवर एक शब्दही लिहिला नव्हता. त्या दिवसापासून ही शंका त्यांच्या मनात घर करून बसली. आपण पोरीला शिकवतोय, की नुसतं गिरवायला लावतोय?

अशात लातुरात कान तपासणीचं शिबिर असल्याचं कळलं. शिवकन्येच्या आईला, गंगम्माला, खडीचं काम सोडता येईना. पहाटेच ती पोरीला न्हाऊमाखू घालून बाईंच्या दारात आली. "बाई, तुमच्या हवाली करते," ती म्हणाली. "तिला हाक ऐकू येत न्हाई, एवढं ध्यानात ठेवा." हात सोडणार नाही, असं बाईंनी तिला सांगितलं.

नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या अजून इकडून तिकडं हलत होत्या. शिबिर कुठं आहे हे विचारत दोघी उन्हात निम्मं लातूर हिंडल्या. सापडलं तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आली होती. डॉक्टरांनी शिवकन्येच्या कानाला यंत्र लावून तपासलं. डाव्या कानात थोडं शिल्लक आहे, म्हणाले. कानाचं माप घेतलं, आणि ऐकायचं मशीन आलं की कळवू, असं सांगून पुढच्याला बोलावलं.

परतताना एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. बोचकी, पेट्या, पोरंबाळं घेऊन माणसं कामाच्या शोधात गाव सोडून निघाली होती. शिवकन्येचे ओठ सुकले होते. नळाला पाणी नव्हतं, पाणपोईपुढं झुंबड होती. तिला त्या गर्दीत न्यावं की इथं ठेवावं, याचा बाईंनी दोनदा विचार केला. शेवटी तिला दप्तरासह खांबाशी बसवलं, इथून हलायचं नाही असं खुणेनं सांगितलं आणि हात सोडला.

परत आल्या तेव्हा खांबाशी दुसरीच कुणी म्हातारी बसली होती.

बाईंनी हाक मारली. कुणासाठी ओरडतोय आपण? त्या बाकांखाली वाकून बघू लागल्या, उभ्या गाड्यांच्या चाकांमागं डोकावल्या. मागं येणाऱ्या गाडीचा हॉर्नही तिला कळणार नव्हता. स्टँडच्या कंट्रोलरनं भोंग्यावरून नाव पुकारलं, "शिवकन्या, जिथं असशील तिथून खिडकीपाशी ये." सगळ्या स्टँडनं ते ऐकलं. जिनं ऐकायचं ती सोडून.

पाणपोईजवळच्या हमालानं सांगितलं, की एक पोरगी दप्तर घेऊन औशाच्या गाडीकडं पळताना दिसली. गाडी तर निघून गेली होती. तो दुसऱ्याच पोरीबद्दल बोलत असला तर? आपण औशाला गेलो आणि ती इथंच कुठं रडत असली तर? गंगम्माला काय तोंड दाखवायचं? बाईंनी कंट्रोलरला पोरीचं वर्णन सांगून ठेवलं आणि पुढची गाडी धरली. वाटभर त्या खिडकीतून रस्त्याच्या कडेला बघत राहिल्या.

औशाच्या स्टँडात शिवकन्या भिंतीला टेकून उभी होती. दप्तर पोटाशी धरलेलं, डोळे रडून सुजलेले. बाईंचा हात मारायलाच उठला होता. पोरगी तशीच येऊन कमरेला बिलगली, आणि हात खाली आला.

मग का गेलीस, असं बाईंनी विचारलं, सावकाश, तिच्या समोर तोंड धरून. शिवकन्येनं गाडीच्या पाटीकडं बोट केलं. बाईंच्या चेहऱ्यावर अजून प्रश्न बघून ती खाली बसली आणि धुळीत बोटानं लिहू लागली. 'औसा' लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'बाई जागा धरली'.

पाटी वाचून ती पळाली होती. इतरांसारखं खिडकीतून दप्तर टाकून तिनं बाईंसाठी जागा धरली, आणि बाई चढायच्या आत गाडी हलली. कंडक्टरला वाटलं, हिचं माणूस गर्दीत असेल. औसा आल्यावर ती आपली उतरली. त्या तीन शब्दांची चिठ्ठी कुठल्या भिंतीला नव्हती. बाई धुळीतच बसल्या. लोक वळून बघत होते.

गंगम्माला त्यांनी सगळं खरं सांगितलं. तिनं पोरीला जवळ ओढून घेतलं. मग म्हणाली, "आता मी असल्याबगर तिला कुठं न्यायचं न्हाई." शेषेराव गुरुजींना बाईंनी धुळीतल्या अक्षरांचं सांगितलं. ते म्हणाले, बघू. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः वर्गात आले आणि शिवकन्येसमोर कोरी पाटी ठेवली.

मशीन आलं पावसाळ्यानंतर. त्याची घरघर सहन न होऊन शिवकन्येनं ते पहिल्या आठवड्यात तीनदा काढून फेकलं. चौथीनंतर ती लातूरच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत राहायला गेली. पोचवायला गंगम्मा आणि बाई दोघीही गेल्या. स्टँडवर उतरल्यापासून एक हात आईनं धरला होता, दुसरा बाईंनी. तिला चालता येईना म्हणून ती दोघींवर चिडली होती.

पुढं सहलीला पोरं नेताना उमादेवी बाई इतक्या वेळा मोजत, की पोरं कंटाळत. सगळी पोरं घरी पोचल्यावरही त्यांच्या जिवाला थारा नसे.